नाना आज निघणार होते

आमचे माधवनाना महिन्यातून तीनचार वेळा घर कायमचं सोडून जात आणि संध्याकाळच्या चहाला परत येत.

निघण्याची रीत ठरलेली होती. आधी काहीतरी बिनसायचं. आमटी तिखट व्हायची, आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास यायचा, नाहीतर समोरच्या ओट्यावर कुणीतरी हसायचं आणि ते आपल्यालाच हसलं असं नानांना वाटायचं. बहुतेक वेळा ते खरं असायचं. मग नाना आतल्या खोलीत जात, खाकी होल्डॉल जमिनीवर पसरत, त्यात सतरंजी, उशी, दोन सफारी आणि दाढीचं सामान घालून गुंडाळत, त्यावर गुडघा रोवून पट्टे आवळत आणि ओसरीवर येऊन जाहीर करत, "जवा दो! आपलं इथे जमणार नाही. मी सुरतेला चाललो."

माझी आई, जिला अख्खी गल्ली अक्का म्हणते, ती तांदूळ निवडताना मानही वर करत नसे. म्हणे, "येता येता कोथमेर लई ये."

नाना संतापाने निघून जात. संध्याकाळी होल्डॉल एका खांद्यावर आणि हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन परत येत. जुडी नेहमी ताजी असे. "गाडीला फार गर्दी होती," एवढंच बोलत आणि चहा मागत.

चोपड्याच्या एसटी स्टँडवर दुपारी सुरतेची गाडी लागते. ती सुरतेहूनच येते, तासभर थांबते आणि उलटी फिरते. त्या गाडीचा कंडक्टर नानांना ओळखून होता. "काय नाना, आज बठनं शे का नही?" असं तो लांबूनच ओरडे. नाना गाडीची पाहणी करत. खिडकीची जागा नाही. मागचं चाक गुळगुळीत आहे. ड्रायव्हरचे डोळे लाल आहेत. एकदा तर गाडी रिकामी होती, चाकं नवी होती आणि ड्रायव्हर कपाळाला गंध लावून बसला होता. नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "आज अमावस्या आहे." कंडक्टर म्हणाला, "नाना, अमावस परवादिन व्हयी गई." नाना म्हणाले, "सुरतेत तिचा परिणाम दोन दिवस राहतो."

ही गोष्ट मी कापसाच्या जिनिंगमध्ये, जिथे मी कारकून आहे, किमान शंभर वेळा सांगितली असेल. मला नानांची नक्कल छान जमते. सांगायला लाज वाटते, पण नाना आल्यापासून माझ्या टेबलाभोवती चहाच्या वेळी माणसं जमू लागली होती. त्याआधी वीस वर्षांत कुणी जमलं नव्हतं.

नाना म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांचे धाकटे भाऊ. मॅट्रिक झाल्याबरोबर सुरतेला गेले, कापडाला रंग चढवणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. काकू त्याआधीच गेल्या. मुलगा हेमंत तिथेच नोकरीला, लग्न झालेला. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर नाना एकटेच आले, तो होल्डॉल घेऊन. म्हणाले, "दोन महिने हवापालटाला आलोय."

हवापालटासाठी माणूस चोपड्याला येतो हे आम्हाला नवीन होतं. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा सोसेना की माणसं बाहेर पळतात. पण दोन महिने झाले, चार झाले, कपाशी वेचून झाली, केळीच्या बागा उन्हाने होरपळायला लागल्या, तरी नानांची हवा काही पालटून होईना. कुणी विचारलं तर सांगत, "बस, पुढच्या महिन्यात निघणार."

तोवर त्यांनी आम्हाला सुधारायचं मनावर घेतलं होतं. दुपारी दुकानं बंद का असतात? सुरतेत नसतात. रस्त्यात म्हशी का बसतात? सुरतेत बसत नाहीत. कोपऱ्यावरचा चहावाला एकदा वैतागला आणि म्हणाला, "नाना, मंग तठेच ऱ्हाता ना! आठे कसाले उनात?" इथे आलात कशाला, या प्रश्नावर नानांनी बशीतला चहा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "या चहात आलं नाही."

सगळ्यात मोठा वाद पाण्याचा. नाना घरचं पाणी तिहेरी फडक्यातून गाळून घेत आणि तरी तोंड वाकडं करत. "पाणी प्यावं तर सुरतेचं. तापीचं पाणी! काय गोडी!"

मी म्हटलं, "नाना, तापी इथूनच जाते ना सुरतेला? तेच पाणी."

नानांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "दिनुभाई, इथून जाताना ते कच्चं असतं. तिथे पोचेपर्यंत पिकतं."

मला ते दिनुभाई म्हणत. माझं नाव दिनकर. लहानपणी याच नानांनी मला दिन्या म्हणून खांद्यावर बसवून यात्रेत फिरवलं होतं. पण सुरतेहून आल्यापासून आम्ही सगळे 'भाई' झालो होतो, माझी बायको 'बेन' झाली होती आणि घरात चालणारी अहिराणी नानांना जणू कळतच नव्हती. आम्ही अहिराणीत विचारायचं, त्यांनी पुस्तकी मराठीत, वर गुजराती शिंतोडे उडवून, उत्तर द्यायचं. आईला याचा फार राग. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा नाना दहा वर्षांचे होते. एकदा ती फटकन बोलली, "तुले ताप ये तवय तू अहिराणीमाच रडे. तवय नही आठवनी गुजराती?"

नाना म्हणाले, "जवा दो, वहिनी. लहानपणी माणसाला निवड नसते."

जेवणाचं तर विचारू नका. आमच्याकडे काळा मसाला आणि तेलाचा तवंग नसेल त्याला आम्ही आमटी म्हणत नाही. नाना पहिला घास घेत, डोळे मिटत आणि सफारीच्या खिशातून एक स्टीलची डबी काढत. डबीत किसलेला गूळ असे. तो ते सगळ्यांच्या देखत आमटीत टाकत आणि सावकाश ढवळत. आई समोर बसलेली असे. तिच्या स्वयंपाकाचा एवढा उघड अपमान वडिलांनीही कधी केला नव्हता. ती मग रोज थोडं तिखट वाढवत गेली. नाना रोज थोडा गूळ वाढवत गेले. या दोघांच्या लढाईत मूळव्याध मला झाली.

हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत केला तेव्हाही तेच. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, वांगी त्यात ढकलली. आम्ही सगळे जमिनीवर मांडी घालून बसलो होतो. नाना नाकाला रुमाल लावून उभे.

"सुरतेत असा धूर होत नाही."

"मग वांगी कशी भाजतात?" माझ्या धाकट्या भावाने विचारलं.

"तिथे वांगी भाजायची वेळच येत नाही."

वांगी सोलून ठेचली, कांद्याची पात पडली, फोडणी बसली. नानांनी होल्डॉलची सतरंजी आणवली आणि तिच्यावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पाच भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या नव्हत्या, भावाने मोजल्या. परत येताना बैलगाडीत नाना रुमालाने बोटं पुसत होते. आम्हाला वाटलं, आता कौतुक करतील. गाव दिसू लागलं तेव्हा म्हणाले, "मीठ कमी होतं."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिनिंगमध्ये मी ती कधी सांगितली नाही, कारण तिच्यात हशा कमी आहे.

बरीच वर्षं आधी, बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी सुरतेला गेलो होतो. नानांकडेच उतरलो. सुरतेच्या उधना भागात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, काकू होत्या, हेमंत शाळेत होता. मी पोचताच नानांनी शेजारपाजारची माणसं गोळा केली. मला खुर्चीवर बसवलं, आणि जणू मी आफ्रिकेतून आलोय अशी माझी ओळख करून दिली. "हा माझा पुतण्या, चोपड्याहून!" मग चोपड्याचं वर्णन सुरू झालं. आमच्याकडचं एक केळ दोघांना पुरतं. आमची विहीर उन्हाळ्यातही काठोकाठ असते, लहान मुलांना दोरीने बांधून ठेवावं लागतं. सातपुड्यातले वाघ हिवाळ्यात गावापर्यंत येतात, हौदावर पाणी पितात आणि निघून जातात. "कुणाला नख लावत नाहीत. तिकडच्या जनावरांनाही वळण आहे," नाना म्हणाले. एका म्हाताऱ्या गुजराती गृहस्थाने मला विचारलं, खरं का? मी चोपड्याचा अभिमान राखून मान हलवली.

हेमंत दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याला मराठी समजे, बोले मात्र गुजराती. त्याने विचारलं, "पप्पा, तो आपणे त्यां केम नथी जता?" म्हणजे, मग आपण तिकडे का जात नाही?

शेजारी हसले. नाना म्हणाले, "पुढच्या वर्षी. नक्की."

मग जेवायला बसलो. काकूंनी तिथल्या पद्धतीने गोड डाळ केली होती. नानांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि खिशातून स्टीलची डबी काढली. तीच डबी. तिच्यात आमचा काळा मसाला होता. तो त्यांनी गोड डाळीवर भुरभुरला आणि मला म्हणाले, "काय करणार दिन्या, इथल्या लोकांना जेवणातलं काही कळत नाही."

नाना आयुष्यभर ज्या गावात होते त्या गावाला नावं ठेवत होते, आणि खिशात कायम दुसरं गाव बाळगून होते. मला हे तेव्हाच कळलं असतं, पण मी साड्यांच्या भावात अडकलो होतो.

श्रावण आला. आमच्या खान्देशात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी ही देवी बसते. त्यासाठी गव्हाचे रोट करतात, आणि ते गहू मापाने घेत नाहीत, माणसांनी घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक भरलेली मूठ, वर पाव मूठ. पुरुष घरात असो, पुण्यामुंबईला असो, पाळण्यात असो, तो या घरचा आहे म्हणून त्याची मूठ पडते. ते पीठ भाऊबंदांनीच खायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचं.

आमच्या घरी मुठी आई घेते. सुरतेला गेल्यापासून नाना एकदाही कानबाईला आले नव्हते. आई दरवर्षी कार्ड टाकी. नाना उत्तर देत, 'घरच्याला आमंत्रण कशाला? यंदा रजा नाही, पुढल्या वर्षी नक्की.' आई उत्तर वाचून घेई आणि माधव म्हणून सव्वा मूठ गहू सुपात टाकी. तो वाढीव रोट दरवर्षी मी खाई. लहानपणापासून. "नानांचा रोट कोण खाणार?" असं आईने म्हणायचा अवकाश, माझा हात ताटात गेलेला असे. नाना आल्यावर आईने ही गोष्ट त्यांना तिखटमीठ लावून सांगितली होती. नाना मला म्हणाले होते, "तरीच एवढा जाडा झालास."

तर त्या शनिवारी आई ओसरीवर सूप घेऊन बसली. गव्हाची रास समोर. "दिनकर." मूठ, पाव मूठ. "सुरेश." हा माझा भाऊ. मग आमची मुलं. शेवटी आईने मूठ भरली आणि म्हणाली, "माधव."

नाना दारात होल्डॉल घेऊन उभे होते. सकाळीच आंघोळीच्या पाण्यावरून काहीतरी झालं होतं. म्हणाले, "माझी घेऊ नका वहिनी. मी आज निघतोय."

"निंघ ना," आई म्हणाली आणि मूठ सुपात सोडली. वर पाव मूठ टाकली. "इतला वरीस तू निंघेलच व्हता. तुनी मूठ चुकनी का?"

नाना गेले नाहीत. होल्डॉलचा पट्टा हातात घट्ट धरून सुपाकडे पाहत राहिले. आई हात झटकून उठायला लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "मग हेमंतची?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. हेमंतने हे घर जन्मात पाहिलं नव्हतं. नाना इथे आल्याला इतके महिने झाले, तो आला नव्हता. आम्ही विचारलं की नाना म्हणत, "त्याला रजा नसते." आणि मला त्या क्षणी जिनिंगमधल्या टेबलावर बसल्यासारखं झालं. मी म्हणालो, "नाना, हेमंतला कानबाई म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का?"

सुरेश हसला. मला बरं वाटलं. मग मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते बरं वाटणं गेलं. त्यांच्या डोळ्यांपुढे दारात उभा असलेला, 'आपण तिकडे का जात नाही' विचारणारा पोरगा होता, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. तो प्रश्न विचारला तेव्हा त्या खोलीत मीही होतो.

आई पुन्हा खाली बसली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राशीत हात घातला, मूठ नेहमीपेक्षा जरा मोठी भरली आणि म्हणाली, "हेमंत." मग पाव मूठ. मग नानांना म्हणाली, "पोऱ्याले बलाव."

"घरच्याला आमंत्रण कशाला?" नाना म्हणाले.

आई एवढंच म्हणाली, "हा. मालेबी दरवरीस हाईच उत्तर ये."

त्या दिवशी नाना निघाले नाहीत. होल्डॉल आत गेला. पण त्याच दुपारी ते माझ्या बायकोकडून चार रुपये सुटे घेऊन एसटीडीच्या बूथवर गेले. काचेच्या खोलीत उभं राहून ते एवढ्या मोठ्याने बोलत होते की चौकाला कळलं, हेमंतच्या शेजाऱ्यांकडे फोन आहे, हेमंत घरात नाही, आणि त्याला निरोप द्यायचा आहे की वडिलांची तब्येत उत्तम आहे. एवढाच निरोप. "ये," हा शब्द चौकातल्या कुणीही ऐकला नाही.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. रोट खाऊन संपत आले. नानांनी आपला खाल्ला, अर्थातच नावं ठेवत, पण गुळाची डबी काही निघाली नाही. हेमंतच्या वाट्याचं वाटीभर पीठ मात्र त्यांनी स्वतः वेगळं काढून पितळी डब्यात, वरच्या फळीवर ठेवलं. "हे राहू द्या," म्हणाले.

आणि नाना रोज दुपारी स्टँडवर जायला लागले. होल्डॉलशिवाय.

ही गोष्ट मला कंडक्टरने सांगितली. म्हणाला, "भाऊ, नानाना डोका फिरना का? सामान नही, गाडीना चाकं दखतस नही. नुसता उतरनारा लोकेसले दखतस." मग मलाही आठवलं. इतके महिने नाना रागावून निघायचे ते नेमके सुरतेहून गाडी यायच्या आधी, आणि परतायचे ती सुटल्यावर. नाना गाडीत बसत का नाहीत, यावर आम्ही एवढे हसलो. गाडीतून कोण उतरतं हे त्यांच्याबरोबर कधी कुणी पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी जिनिंगमध्ये हे सांगितलं नाही. टेबलाभोवती माणसं जमली होती. मी म्हणालो, आज नवीन काही नाही.

पौर्णिमेचा दिवस आला. बायकोने सकाळीच विचारलं, पीठ आज संपवायला हवं, काय करू? नाना म्हणाले, "संध्याकाळी करा." दुपारी स्वच्छ सफारी घालून, केसांना तेल लावून ते स्टँडवर गेले. गाडी वेळेवर आली असणार, कारण नाना वेळेवर परत आले. हातात कोथिंबिरीची जुडी होती. त्या दिवशी कुणी आणायला सांगितली नव्हती.

दिवेलागणीला आम्ही पानावर बसलो. बायकोने त्या पिठाचा एकच रोट केला होता, जाडसर, खरपूस, वर तुपाची धार. तिने तो ताटलीत घालून मध्ये ठेवला. कुणाच्या पानात वाढावा हे तिला कळेना. आणि माझा हात, मी शपथेवर सांगतो माझ्या मनात काही नव्हतं, इतक्या वर्षांच्या सवयीने आपोआप पुढे गेला.

नानांनी माझं मनगट धरलं.

"थांब रे दिन्या," ते म्हणाले. "आखो एक गाडी शे."

नाना आल्यापासून पहिल्यांदा अहिराणीत बोलत होते. आणखी कुठली गाडी? सुरतेहून दिवसाची एकच गाडी येते हे घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. नानांना टोमणा मारायची एवढी सोपी संधी तिला कधी मिळाली नसेल. तिने शेजारचं रिकामं ताट उचललं आणि रोटावर झाकण घातलं. म्हणाली, "बठ्ठा थांबा."

आम्ही सगळे थांबलो. पानं वाढलेली, आमटी गार होत चाललेली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, एक सायकल गेली. नाना दाराकडे तोंड करून ताठ बसले होते. शेवटी त्यांनी स्वतःच झाकण काढलं. रोट आता तुटायला कडक झाला होता, त्यांना दोन्ही हात लावावे लागले. मोठा तुकडा त्यांनी माझ्या पानात टाकला.

"खाय," नाना म्हणाले. "तुले सवय शे."